जाहिरात म्हणजे जामीनकी

'मैदानाबाहेर' : खेळाडूंच्या प्रश्नांना सांगलीच्या नानांची उत्तरं

या खेपेला पत्रांचा ढीग मोठा आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी पैलवान नाही, कोच तर नाहीच. पंचवीस वर्षं सांगली-मिरजेच्या आसपास लग्नं आणि जत्रेतल्या कुस्त्या शूट केल्या. हलगी कडाडली की कॅमेरा खांद्यावर आणि मी आखाड्याच्या कडेला. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हणून बसून करायचं काम घेतलंय. सात खेळाडूंची इन्स्टाग्राम आणि यूट्यूबची खाती मी आणि माझी भाची मिळून सांभाळतो. त्यातनं जे कळलं, आणि जे अंगाशी आलं, ते इथं लिहितो.

नाना, माझी मुलगी पंधरा वर्षांची. सातारला धनुर्विद्या शिकते, कंपाउंड म्हणजे चाकं लावलेलं धनुष्य. अदिती स्वामी जगज्जेती झाल्यापासून पाहुणेरावळे मागं लागलेत, "पोरीचं इन्स्टाग्राम काढा, स्पॉन्सर मिळंल." सर म्हणतात, मोबाइल लांब ठेवा. धनुष्य-बाणांचा खर्च आवाक्याबाहेर चाललाय. कुणाचं ऐकू?
– एक वडील, कोरेगाव

दादा, दोघांचंही ऐका. सर मुलीच्या हातातल्या मोबाइलबद्दल बोलताहेत, पाहुणे तुमच्या. खातं तुमच्या मोबाइलवर काढा आणि तिच्याकडं तो देऊ नका. इन्स्टाग्रामला वयाची अट तेरा वर्षांची आहे, त्यामुळं नियमात बसतं. वर ओळखीच्या ओळीत 'खातं वडील सांभाळतात' असं सरळ लिहा. त्या एका ओळीनं निम्मे टवाळ मेसेज येतच नाहीत.

आता चावीचं. ईमेल नवीन काढा, नंबर तुमचा द्या, पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. कोच, अकादमी, हुशार भाचा, कुणी म्हणालं "मी काढून देतो", तर त्याच्या ईमेलवर काढू देऊ नका. माझ्याकडं येणाऱ्या एका धावपटूचं खातं तिच्या मित्रानं स्वतःच्या ईमेलवर काढलं होतं. पुढं दोघांचं बिनसलं. तीन वर्षांचे फोटो, पदकं, ओळखी सगळं त्याच्याकडं राहिलं. पोरगी रोज धावायला जायची आणि तिच्या नावाचं खातं कुठल्यातरी सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती टाकायचं. आम्ही शून्यापासून सुरुवात केली.

अदिती ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे जिंकला, तोही सातारला प्रवीण सावंत सरांकडंच शिकणारा. बाण आधी लागला, कॅमेरे मागनं आले. हा क्रम घरात सगळ्यांना पाठ असू द्या. मात्र आत्ता खातं काढायला एक चांगलं कारण आहे. आजवर ऑलिंपिकला फक्त रिकर्व्ह, म्हणजे बिनचाकाचं, टोकं वळलेलं धनुष्य चालायचं. २०२८ ला लॉस एंजेलिसला कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. कंपाउंडवाल्यांकडं बघणारे डोळे आता वाढतील.

टाकायचं काय? इथं माझ्या एका पैलवानाची गोष्ट सांगतो. त्यानं मैदान मारलं, फेटा, गदा, गुलाल, मी मारे चांगल्या लेन्सनं फोटो काढला. सातशे लाइक, त्यातले निम्मे गावातले. दोन आठवड्यांनी सकाळी पाचला तालमीत गेलो तर हौद्याची, म्हणजे आखाड्याची, माती उकरायचं काम चाललं होतं. दोन पोरं कुदळीनं माती सैल करतायत, तिसरा वरनं ताक, तेल, लिंबू, हळद घालतोय आणि वस्ताद कडेला बसून ढेकळं हातानं फोडतायत. ना गाणं, ना मजकूर. कुदळीचा आवाज आणि मधनंच वस्तादांचं "खालनं घे की रं." चाळीस सेकंदांचा तो तुकडा चार लाख लोकांनी बघितला. पंजाबातनं लोक विचारायला लागले, तेल कुठलं घालता? आणि तीन महिन्यांनी एक तेलघाणेवाला स्वतः तालमीत आला, वर्षाचा तेल-तुपाचा खर्च उचलतो म्हणाला. त्याला पैलवानाची गदा ठाऊकच नव्हती. माती बघून आला होता.

तुमच्या मुलीच्या मैदानावर अशी माती कुठली, ते शोधा. मला तर बाण आणायला जाणं दिसतं. कंपाउंडचं लक्ष्य पन्नास मीटरवर. ७२ बाणांची फेरी म्हणजे सहा-सहा बाणांचे बारा हप्ते. प्रत्येक हप्त्याला जायचं, बाण उपसायचे, परत यायचं. म्हणजे एका फेरीत १२०० मीटर नुसती चाल, आणि हे लोकांना माहीतच नसतं. बाणाला पिसं चिकटवणं दाखवा, वारा सुटल्यावर ती नेम किती सरकवते ते तिच्या तोंडनं ऐकवा. मराठीत बोलू द्या, खाली हिंदीत दोन ओळी लिहा. आठवड्याला दोन पोस्ट पुरेत. रविवारी शूट, बाकी दिवस तुमचं तुम्ही टाका. पोस्ट मैदानावरनं निघाल्यावर करायची, तिथं असताना नाही. शाळेचा गणवेश, बसचा नंबर, घराची पाटी दिसता कामा नये.

आणि स्पॉन्सरबद्दल एक. साताऱ्यासारख्या ठिकाणी पहिला पैसा पतसंस्थेकडनं, डॉक्टरांकडनं, कारखान्याकडनं येतो. ते फॉलोअर विचारत नाहीत, कागद विचारतात. एका पानावर तिचे गुण, पुढच्या वर्षातल्या स्पर्धा आणि खर्चाचं अंदाजपत्रक लिहा, सोबत दुकानाचं कोटेशन लावा. खात्याची लिंक सगळ्यात खाली.

मी पैलवान, वय २३. एका प्रोटीन पावडरच्या कंपनीनं महिना पंचवीस हजार आणि डबे देतो म्हटलंय. महिन्याला चार रील टाकायचे. "तुम्ही खाल्लंच पाहिजे असं नाही, हातात धरलं तरी चालतंय," असं म्हणाले. घरचे म्हणतात सोडू नको.
– एक पैलवान, विट्याजवळून

पैलवान, माझे वडील एकदा भावकीतल्या एकाला सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिले. सहीच तर करायची, म्हणाले. तो माणूस गेला मुंबईला, आणि आमच्या उसाच्या बिलातनं दोन हंगाम पैसे कापून गेले. आई वडिलांना काही बोलली नाही, फक्त दिवाळीला जिलेबी आणली नाही. तेव्हापासून जाहिरातीचा कागद समोर आला की मला ती दिवाळी आठवते. डबा हातात धरणं ही जामीनकीच आहे. माल त्यांचा, नाव तुझं.

"खाल्लं नाही तरी चालतंय," हे वाक्य तर सगळ्यात वाईट. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ मध्ये जाहिरातींचे नियम आले. जो माणूस वस्तूची शिफारस करतो त्यानं ती खात्री करून, स्वतःच्या अनुभवावरनं करावी असं त्यात आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. शिफारस करणाऱ्याला वर्षभर जाहिराती करायला बंदी घालता येते, पुन्हा घडलं तर तीन वर्षं. पैसे किंवा वस्तू घेऊन टाकलेल्या रीलवर 'जाहिरात' असं दिसेल असं लिहावं लागतं. वीस हॅशटॅगच्या शेवटी लपवलेलं चालत नाही.

पण तुला दंडापेक्षा मोठी भीती वेगळी. तू मॅटवरच्या स्पर्धा खेळतोस, नाडाचे, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक कधीही लघवीचा नमुना मागतील. अंगात काय सापडलं याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो, "डब्यात होतं, मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. चार वर्षांपर्यंत बंदी बसू शकते. तेविसाव्या वर्षी चार वर्षं गेली म्हणजे पैलवानाचं काय उरतं, ते तुला मी सांगायला नको. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना असतो, तो अन्न म्हणून विकायचा परवाना. त्यात उत्तेजक नाही याची हमी त्यातनं मिळत नाही. त्यासाठी त्या बॅचची प्रयोगशाळेतली वेगळी तपासणी लागते. कंपनीकडं ती माग. माझ्या अनुभवात दहातल्या आठ कंपन्या त्यानंतर फोन उचलत नाहीत.

हिशोबाचंही बघ. फुकट डबे फुकट नसतात. वर्षात वीस हजारांवर वस्तू मिळाल्या तर त्यावर दहा टक्के टीडीएस कापायचा नियम जुलै २०२२ पासून आहे. कंपनीनं तो भरला का, हे तुझ्या आयकराच्या खात्यावर बघायला शीक. आणि करारात 'कायमस्वरूपी' हा शब्द शोध. तुझा चेहरा ते कायम वापरणार आणि पैसे सहा महिनेच देणार, असं बहुतेक करारांत असतं. वापराची मुदत पैशाच्या मुदतीएवढीच ठेव.

बॅचचा कागद दिला, मुदत कापली आणि वस्ताद हो म्हणाले, तर परत लिही. नाहीतर आत्ता दूध-बदामावर भागव. जाता जाता, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवाले आले तर बोलणंही करू नको. २०२५ च्या कायद्यानं त्यांच्या जाहिरातीवरच बंदी आहे आणि शिक्षा जाहिरात करणाऱ्यालाही आहे.

राज्य स्पर्धेत मला सुवर्ण मिळालं. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या जिमनं चौकात फ्लेक्स लावलं, "आमचा विद्यार्थी". मी तिथं जेमतेम दोन दिवस गेलो होतो. काढायला सांगू का? माणूस ओळखीचा आहे.
– एक खेळाडू, तासगाव

ओळखीचाच असतो हो. अनोळखी माणूस फ्लेक्सला पैसे कशाला घालील?

हे फक्त आपल्या चौकात होतं असं समजू नका. टोकियोत पी. व्ही. सिंधूला कांस्य मिळालं तेव्हा कितीतरी कंपन्यांनी तिच्या फोटोसकट अभिनंदनाच्या पोस्ट टाकल्या, शेजारी स्वतःचं चिन्ह. एका पैशाचा करार नव्हता. तिचं काम बघणाऱ्या संस्थेनं अशा कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. अभिनंदन आणि जाहिरात यांतली रेघ तिथं आहे. नुसतं 'अभिनंदन' लिहिलं तर राम राम म्हणावं. 'आमचा विद्यार्थी, प्रवेश सुरू' असं लिहिलं, खाली फोन नंबर टाकला, की ती जाहिरात.

नोटीस नको. चहाला जा. म्हणा, "फ्लेक्स राहू दे, पण 'आमचा विद्यार्थी' काढ. नाहीतर वर्षाचं सभासदत्व दे, म्हणजे खरंच विद्यार्थी होतो." आणि त्याच दिवशी तुमच्या खात्यावर तुमच्या खऱ्या कोचांचा फोटो टाका, नाव, गाव, कधीपासून शिकवतात त्यासकट. लोकांना कळायचं ते कळतं.

खाशाबा जाधवांचं मला नेहमी वाटतं. १९५२ ला हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्य घेऊन आले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. एवढं प्रेम करणारी माणसं, आणि तरी अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी. गाड्या आपल्या मुलखात थांबल्या, नाव दिल्लीपर्यंत नेऊन वाजवणारं कुणी नव्हतं. मी हे काम करतो त्यामागं थोडं तेही आहे. असो, प्रश्न फ्लेक्सचा होता.

माझे ११०० फॉलोअर. माझ्याबरोबर खो-खो खेळणाऱ्या एकानं पैसे देऊन वीस हजार घेतले. मी घेऊ का?
– एक खो-खोपटू, इस्लामपूर

नको. वीस हजार फॉलोअर आणि पोस्टला तीस लाइक, हे कंपनीचा माणूस एका मिनिटात ओळखतो. शिवाय ती खोटी खाती इन्स्टाग्राम मधनंच साफ करतं, मग आकडा सगळ्यांदेखत घसरतो. तुमचे ११०० खरे असतील तर त्यांना खांबाजवळनं डाइव्ह कशी मारता ते हळू करून दाखवा. खो-खो टीव्हीवर इतकं वेगात जातं की निम्म्या लोकांना बाद कसा झाला तेच कळत नाही.

मी खेळाडू कोट्यातनं पोलिसांत आहे. धावण्याचे व्हिडिओ टाकते. वर्दीतल्या रीलला व्ह्यूज जास्त येतात. आता बुटांच्या एका कंपनीनं विचारलंय.
– एक धावपटू, फलटण

ताई, वर्दीला व्ह्यूज जास्त येतात ते वर्दीचे आहेत, तुमचे नाहीत. राज्य शासनानं जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियाबद्दल परिपत्रक काढलंय. वैयक्तिक खात्यावर गणवेश, सरकारी गाडी, बोधचिन्ह वापरायचं नाही असं त्यात स्पष्ट आहे. जुने रील आजच खाली घ्या. बुटांचं म्हणाल तर आधी लेखी परवानगीचा अर्ज करा, आवक क्रमांक घ्या आणि उत्तर येईपर्यंत कंपनीला थांबवा. तोंडी "चालतंय की" म्हणणारे साहेब बदलून जातात, कागद बदलून जात नाही.

तुमच्याच जिल्ह्यातल्या, माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर बघा. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचल्या, प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. लोकांनी 'माणदेशी एक्स्प्रेस' म्हटलं. ते नाव टिकलं कारण त्यात गाव होतं आणि वेग होता. तुम्हीसुद्धा फलटणचा रस्ता आणि घड्याळ दाखवा.

मी वेटलिफ्टर, सांगलीची. स्पर्धेत तिन्ही स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर न्यायची उचल) फेल गेले. व्हिडिओ कुणीतरी टाकला. खाली माझ्या अंगावरनं, वजनावरनं वाटेल ते लिहिलंय. खातं बंद करावं वाटतंय.
– एक खेळाडू, सांगली

बाळ, महिनाभर बंद ठेवावंसं वाटलं तर ठेव. खातं 'तात्पुरतं बंद' करता येतं, काही पुसलं जात नाही. ही पहिली गोष्ट.

दुसरी, माझी फजिती. राष्ट्रीय स्पर्धेत माझा पैलवान चार-चारवर होता, शेवटचा गुण त्याचा, म्हणजे जिंकल्यातच जमा. शिट्टी वाजली आणि मी 'विजयी!' टाकून मोकळा झालो, खाली तीन गुलालाचे फोटो. तेवढ्यात समोरच्या कोचनं मॅटवर स्पंजचा ठोकळा फेकला. चॅलेंज. पंचांनी व्हिडिओ बघितला आणि आमचे दोन गुण काढून घेतले. मी पोस्ट पुसेपर्यंत स्क्रीनशॉट निघाले होते. रात्रभर लोकांनी त्या पोराला झोडपलं, चूक माझी असताना. मी त्याला म्हटलं, आठ दिवस गप्प बसू. त्यानं ऐकलं नाही. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली बसून बोलला, "मला वाटलं गुण माझा. पंचांना नाही वाटला. त्यांनी बरोबर बघितलं. पोस्ट घाईत गेली, माफ करा. उद्यापासून परत तालीम." वीस सेकंद. शिव्या थांबल्या नाहीत, पण त्यांच्यावर उत्तर द्यायला दुसरी माणसं पुढं आली. खातं चालवायला मी जे शिकलो त्यातलं बरंचसं त्या वीस सेकंदांत आहे.

नीरज चोप्रानंही टोकियोच्या सुवर्णानंतर असंच केलं होतं. पाकिस्तानच्या अर्शद नदीमनं त्याचा भाला हातात घेतला होता, यावरनं लोकांनी रान उठवलं. नीरजनं स्वतः व्हिडिओ टाकून सांगितलं की यात काही वावगं नाही, भाला कुणीही वापरू शकतो, माझ्या नावानं घाण पसरवू नका. स्वतःच्या तोंडानं, एकदाच, आणि मग विषय संपवला.

आपल्या सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सुवर्णापासून एका किलोनं लांब राहिला, कोपर दुखावलेलं असताना. तिथंही शेवटची उचल फेलच गेली होती. पण ते कोपर धरलेलं चित्र लोकांच्या डोक्यात राहिलं. तुझे तीन फेल स्नॅच तूच टाक, कुठं चुकलं ते सांग. बार पुढं गेला का, खाली बसायला उशीर झाला का? दुसऱ्यानं टाकलेल्या व्हिडिओपेक्षा तुझा बोलका व्हिडिओ लोक जास्त बघतील.

आता कामाचं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'लपवलेले शब्द' अशी सोय आहे. नको ते शब्द तिथं भरले की तशा कॉमेंट दिसतच नाहीत. आपल्या लोकांची गंमत अशी की शिव्या मराठीत देतात आणि लिहितात इंग्रजी अक्षरांत. त्यामुळं प्रत्येक शब्द देवनागरीत आणि इंग्रजी अक्षरांत, तीन-चार स्पेलिंगनी भरावा लागतो. 'म्हैस' एवढ्या एका शब्दाची माझ्याकडं पाच रूपं निघाली. ही यादी तू करू नकोस, बहिणीला नाहीतर मैत्रिणीला बसव. जो माणूस धमकी देतो किंवा फोटो बिघडवून टाकतो, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेव आणि cybercrime.gov.in या सरकारी साइटवर तक्रार कर.

आणि सरावाचा व्हिडिओ काढताना फोन प्लॅटफॉर्मच्या समोर जमिनीवर ठेवू नकोस. कोपऱ्यातनं, तिरका, कमरेच्या उंचीवर धर, म्हणजे पाय आणि बारची वाट दोन्ही दिसतात. समोर ठेवलेला माझा एक फोन बारखाली गेलाय. त्या दिवशी उचल मात्र बरोबर झाली होती.